कुत्रा जिवंत पाहिजे

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षर वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. लिहायचं कारण असं, की आमच्या वस्तीत कुणाला कुत्रा चावला की बायका माझ्या दारात येतात. मला बोलायला जमत नाही. चार माणसं समोर बसली की माझी मान खाली जाते आणि निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा सगळं वहीत लिहून ठेवते. जिला गरज पडेल तिने वही घरी न्यावी, वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्यावी आणि आठवणीने परत आणून द्यावी.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पायाची जखम पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुत्रा कुठाय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, पाय हिचा फाटलाय, तुम्ही त्याचं काय इचारता?"

"त्याचंच विचारायचं असतं, आजी. कुत्रा जिवंत आहे का? खातो-पितो का? कुणाचा आहे?"

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून जो रोग होतो त्याला रेबीज म्हणतात. चावल्यावर तो लगेच दिसत नाही. काही आठवडे, कधी काही महिने आत दबून राहतो. या दबून राहण्याच्या काळाला इनक्युबेशन पिरियड म्हणतात. एकदा रोग बाहेर पडला, माणूस पाण्याला घाबरायला लागला, की जगात त्यावर औषध नाही. म्हणून जे करायचं ते आधीच करायचं. आणि कुत्र्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही, बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवायचं. याला ऑब्झर्वेशन म्हणतात. पिसाळलेला कुत्रा दहा दिवस टिकत नाही. दहा दिवसांनी तो धडधाकट असला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजायचं.

"तोवर पोटात रोज एक इंजेक्शन. कुत्रा ठीक राहिला तर दहाव्या दिवशी बंद करू. नाही तर चौदा," ते म्हणाले. "आणि बाई, ही जखम आत्ताची दिसत नाही. यात काय भरलंय?"

"तंबाखू," मी म्हणाले.

हे सांगायला हवं. मी विड्या वळते. सूप मांडीवर, सुपात तंबाखू आणि टेंभुर्णीची पानं, दिवसभर हेच. आमच्यात हाताला कात्री लागली की चिमूटभर तंबाखू दाबायची, रक्त थांबतं. आदल्या दिवशी सकाळी कारखान्यात विड्या पोचवून परत येताना लाकडाच्या वखारीजवळ कुत्रा मागून आला आणि गुडघ्याच्या वर, मांडीला मागच्या बाजूने चावला. जागा अशी, की कुणाला दाखवायची लाज. घरी येऊन मी मूठभर विडीची तंबाखू दाबली, फडकं बांधलं आणि विड्या वळायला बसले. दुसऱ्या दिवशी फडक्यातून पाणी आलं तेव्हा सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी मला एक शब्द बोलू दिला नाही, हाताला धरून दवाखान्यात आणलं.

डॉक्टर रागावले नाहीत. नळाखाली पाय धरायला लावला आणि साबणाने बराच वेळ धुवायला सांगितला. "घरी नळ असतो, साबण असतो. चावल्यावर पहिलं औषध तेच," म्हणाले. "तंबाखू नाही, मिरची नाही, चुना नाही." ही ओळ मी पोरीकडून मोठ्या अक्षरात लिहून घेऊन भिंतीला लावली आहे.

पोटातल्या इंजेक्शनांबद्दल फार भीती घालतात. दुखतं, खोटं सांगत नाही. बेंबीच्या बाजूला सिस्टर चिमटीत कातडी धरायच्या आणि भली मोठी सुई घालायच्या. रोज जागा बदलायची. पण मला सुईपेक्षा लाजेचा त्रास जास्त झाला. एकाच खोलीत बाया आणि बापे, सगळ्यांची पोटं उघडी. माझे हात लुगड्याची गाठ सोडायला तयार होईनात. तेव्हा सासूबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी पदर ताणला आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "तिकडं बघा भिंतीकडं. गांधीबाबाचा फोटो लावलाय, तो बघा." मागच्या बाकावरचा एक म्हातारा खरंच फोटोकडे वळून बसला. तेव्हापासून रोज त्या असा पडदा धरायच्या. दुसऱ्या बायकाही मग पडद्यात यायला लागल्या.

माझे मालक तेव्हा सटाण्याहून कांद्याच्या ट्रकवर जायचे. कधी पंधरा दिवस, कधी महिना घरी येत नसत. घरात मी, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. जे काय करायचं ते आम्हीच.

कुत्रा कुणाचा हे माहीत होतं. वखारीच्या राखणदाराचा. भिकाभाऊ त्यांचं नाव. पन्नाशीचा एकटा माणूस, वखारीतच पत्र्याच्या खोलीत राहायचा. कुत्र्याचं नाव राजा. रात्री लाकडं चोरीला जाऊ नयेत म्हणून सोडायचा आणि सकाळी बांधायचा. त्या दिवशी बांधायला उशीर झाला होता.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती पोलीस चौकीत द्यायची होती. मी चौकीच्या पायरीवर उभी राहिले, आत सासूबाई गेल्या. हवालदार चिठ्ठी वाचून हसले. "आजी, माणसांना घालायला बेड्या पुरत नाहीत, आता कुत्र्याला घालू का?"

"घाला की. तुमच्या काही माणसांपेक्षा तो शांत बसंल," सासूबाई म्हणाल्या.

हवालदार माणूस वाईट नव्हता. पण चिठ्ठीत कुत्रा जिवंत ठेवायचा असं लिहिलं आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. कुत्रा चावल्याची तक्रार म्हणजे मालकाला दम द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. ते वखारीवर गेले आणि भिकाभाऊंना म्हणाले, "कुत्रा मोकळा सोडून माणूस जखमी करणं हा गुन्हा आहे. केस करीन, आत घालीन. आणि गळ्यात म्युनिसिपालटीचा बिल्लापण नाही? गाडी बोलावतो, घेऊन जातील." त्या काळी बिल्ला नसलेल्या कुत्र्यांना गाडीवाले धरून नेत आणि नेलेला कुत्रा परत येत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी भिकाभाऊ स्वतः चौकीत जाऊन सांगून आले, "साहेब, माझा कुत्रा मेला. गोदावरीत सोडून दिला." हवालदारांनी तेच आम्हाला कळवलं. वस्तीतले लोक म्हणाले, बरं झालं, पीडा गेली. मलाही क्षणभर बरं वाटलं.

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं पेन थांबलं. "मेला? कसा मेला? लाळ गळत होती का? खाणं सोडलं होतं का?"

आम्हाला काय माहीत.

"डोकं मिळालं असतं तर तपासायला पाठवलं असतं. नदीत सोडला म्हणता." त्यांनी केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाले, "चावल्यावर चार दिवसांत कुत्रा मेला, तर तो पिसाळलेला होता असंच धरून चालायचं. चौदाच्या चौदा घ्यायची. एक दिवस चुकवायचा नाही."

त्या रात्री मुलगी माझ्याजवळ झोपायला आली तर मी तिला सासूबाईंकडे ढकललं. माझ्यात काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना प्रत्येक वेळी वाटायचं, आता गळा आवळेल. आवळत नव्हता. तरी वाटायचं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, ही भीती सगळ्यांना वाटते. पाणी पीत राहा.

त्याच सुमाराला माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या.

आता विड्या वळणाऱ्या बाईच्या पायाला मुंग्या येणं म्हणजे काय नवल? दिवसभर मांडी घालून बसायचं, वर सुपाचं वजन. संध्याकाळी उठताना सगळ्याच जणी भिंत धरून उठतात आणि पाय झटकतात. मी पण झटकले. इंजेक्शनामुळे कामाला उशीर होत होता म्हणून उरलेल्या वेळात जास्त वळत होते, म्हणून जास्त मुंग्या, असा मी हिशेब लावला. अंगात कणकण होती, ती सुईची समजले. डॉक्टरांना सांगावं असं मनातही आलं नाही. दुसरी कुणी असती, शिवणाची बाई, शाळेतली बाई, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

बुधवारी सहावं इंजेक्शन होतं. भर उन्हात दवाखान्यात चालत गेलो. फाटकाशी सासूबाई म्हणाल्या, "कमल, तुझी चप्पल कुठंय?"

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निसटली माहीत नाही. डांबर पघळत होतं अशा रस्त्यावरून मी अनवाणी पायाने आले होते आणि मला चटका लागला नव्हता. तळव्याला डांबर चिकटलं होतं. सासूबाईंनी वाकून नखाने ओरबाडलं, तेही मला कळलं नाही.

सासूबाई तिथेच फाटकात खाली बसल्या. त्यांना मी तशा कधी पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली, तळव्यावर टाचणी टोचली, डोळे मिटायला लावून विचारलं, टोचतंय का. मी म्हणत राहिले, टोचा की. ते टोचून झाले होते. "लघवीला त्रास होतो का?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. होत होता. दोन दिवस होत होता. मग सिस्टरांना कानात सांगितलं. बायांनो, हे सांगायला लाजू नका. माझ्या लाजेने दोन दिवस घालवले.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना स्टुलावर बसवलं आणि दार लावून सगळं खरं सांगितलं. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात, म्हणजे औषधच अंगावर उलटणं. ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनवतात. हजारांतल्या एखाद्याच्या अंगाला ती सोसत नाही आणि त्याच्या स्वतःच्याच नसा सुजतात. पाय लुळे पडतात. पुढे इंजेक्शन दिलं तर वाढू शकतं, वर चढू शकतं, श्वासापर्यंत जाऊ शकतं.

"मग बंद करा की," सासूबाई म्हणाल्या.

"बंद केलं आणि कुत्रा पिसाळलेला असला, तर ही वाचत नाही. आजी, कुत्रा जिवंत असता तर मी आत्ता, या मिनिटाला बंद केलं असतं."

असा तो पेच होता. दिलं तरी धोका, न दिलं तरी धोका. आणि ज्याच्याकडून कळायचं तो नदीत.

"आजचं इंजेक्शन मी उद्या सकाळपर्यंत थांबवतो," डॉक्टर म्हणाले. "वरिष्ठांना विचारतो. त्यापलीकडे थांबता येणार नाही. तुम्ही इथे भरती व्हा."

मी म्हणाले, "संध्याकाळी होते." का म्हणाले ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मला एकदा भिकाभाऊंना विचारायचं होतं, कुत्रा मेला कसा. लाळ गळत होती का. दुसरं काही नाही, फक्त एवढंच कळून घ्यायचं होतं.

टांग्याने वखारीवर गेलो. भिकाभाऊ खोलीच्या दारात चूल पेटवत होते. आम्हाला पाहून उभे राहिले, पण नजर वर केली नाही.

परक्या पुरुषाशी मी आयुष्यात आपणहून बोलले नव्हते. तोंड उघडलं आणि शब्दच येईना. सासूबाई मात्र बोलत नव्हत्या, त्या खोलीभर नजर फिरवत होत्या. जर्मनचं ताट होतं. पोतं होतं, त्यावर केस होते. खांबाला साखळी बांधायची लोखंडी कडी होती.

"भिका, साखळी कुठंय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणती?"

"कुत्र्याची. मेल्यालं कुत्रं कुणी साखळीसकट सोडतं का नदीत? एवढा श्रीमंत कधी झाला तू?"

भिकाभाऊंनी खांबाच्या रिकाम्या कडीकडे पाहिलं. फुंकणी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

तेव्हा मला बोलता आलं. मी म्हणाले, "भाऊ, तुमचा राजा जिवंत असंल तर सांगा. तो जगला असंल तर मी जगंन. त्याला मारायला नाही मागत मी. तो मेला म्हणून डागदर मला सुया देणार हायेत आणि त्या सुयांनी माझे पाय चाललेत. हे बघा." आणि मी लुगडं घोट्यापर्यंत उचलून पाऊल दाखवलं, डांबर लागलेलं.

भिकाभाऊंनी पाऊल पाहिलं आणि एकदम खाली बसले.

"ताई, आईची आन, मला हे ठावं नव्हतं. मी म्हनलं, मेला म्हनून सांगितलं की मिटलं समदं. तुमालाबी बरं वाटंल, पोलीसबी गप बसंल. घोटीला हाय तो. बहिणीकडं, भाताच्या गिरणीत बांधलाय."

"खातो का?" मी विचारलं.

"रविवारी सोडून आलो तवा भात खाऊन झोपला व्हता."

रविवार म्हणजे तीन दिवस झाले होते. तेवढ्यात काय झालं असेल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"पण आणला आन् हवालदारानं गाडी बोलावली तर?" भिकाभाऊ म्हणाले. "ताई, माझं दुसरं कोण नाय."

"मी बोलते हवालदारांशी," मी म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूपच बोललं.

भिकाभाऊ तसेच उठले. चुलीवर पाणी ओतलं आणि शेवटची एसटी धरायला पळत गेले.

ती रात्र मी बायकांच्या वॉर्डात काढली. पायांत उशी घातली होती ती आहे की नाही कळत नव्हतं. सासूबाई खाटेखाली झोपल्या होत्या, म्हणजे झोपल्या नव्हत्या.

सकाळी डॉक्टर आले, त्यांच्या मागून सिस्टर ट्रे घेऊन आल्या. ट्रेवर पांढरं फडकं होतं. डॉक्टर म्हणाले, "काही कळलं?"

"येईल," मी म्हणाले.

"किती वेळ थांबू बाई?"

त्यांनी दुसरे पेशंट पाहिले. ट्रे माझ्या खाटेशीच राहिला. मग बाहेर आरडाओरड ऐकू आली. रखवालदार ओरडत होता, "ए, कुत्रा आत नाय न्यायचा! दवाखाना हाय हा!" आणि भिकाभाऊंचा आवाज, "अरे बाबा, डागदरनंच बोलावलाय त्याला!"

तांदळाच्या ट्रकमधून आणला होता. ट्रकवाल्याने कुत्रा पुढे आपल्याजवळ घ्यायला नकार दिला तेव्हा भिकाभाऊ राजाला मांडीवर घेऊन मागे पोत्यांवर बसले होते. दोघांच्या अंगावर कोंडा होता. खिडकीतून मी पाहिलं. राजा साखळीला होता आणि शेपूट पायांत घालून उभा होता. मला तो चावला तेव्हा वाघाएवढा वाटला होता. आता साधा तांबूस कुत्रा दिसत होता.

डॉक्टर स्वतः अंगणात गेले. नळाखालची बादली सरकवायला लावली. राजाने वास घेतला, भिकाभाऊंकडे पाहिलं आणि लपालपा पाणी प्यायला लागला. आख्खा वॉर्ड खिडक्यांना लागला होता. एक बाई म्हणाली, "पितंय गं, पितंय."

डॉक्टर परत आले आणि सिस्टरांना म्हणाले, "ट्रे घेऊन जा." मला म्हणाले, "हा आज सातवा दिवस. रविवारपर्यंत कुत्रा असाच राहिला, तर तुम्हाला या लसीची आणखी एकही सुई लागणार नाही. फक्त त्याला सांभाळा."

सांभाळायचं कुठे? वखारीच्या मालकाने पोलिसांच्या भीतीने कुत्रा आत घ्यायला नकार दिला. वस्तीतली काही माणसं काठ्या घेऊन वाट पाहत होती. डॉक्टरांनी बोलावल्यावर हवालदार तीच चिठ्ठी घेऊन माझ्या खाटेशी आले. या वेळी डॉक्टरांनी त्यांना ती चिठ्ठी बोट ठेवून वाचून दाखवली. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"डॉक्टर, चौकीच्या आवारात बांधतो. पण एक अडचण आहे. बिल्ला नाही. गाडीवाले चौकीतूनही उचलतील, त्यांचा तो अधिकार आहे. मी पोलीस, तो म्युनिसिपालटीचा कायदा. बिल्ला काढा, मग कुणाच्या बापाची हिंमत नाही."

"काढतो," भिकाभाऊ म्हणाले. "पगार झाला की."

"गाडी तुझ्या पगाराला थांबणार आहे का रे?"

मी हवालदारांशी बोलायचं कबूल केलं होतं. माझ्या कमरेला पिशवी होती, तिच्यात शनिवारचा विड्यांचा हप्ता होता. छाट, म्हणजे कारखान्याने नापास केलेल्या विड्या, वजा जाऊन जेवढा हातात पडला तेवढा. मी पिशवी काढली आणि हवालदारांसमोर धरली. म्हणाले, "यातून काढा. आणि दंड पण असंल तर घ्या."

हवालदार पिशवीकडे पाहत राहिले. "बाई, तुम्हाला चावलाय ना तो?"

"हो."

"मग त्याचा बिल्ला तुम्ही काढणार?"

सासूबाई म्हणाल्या, "काढती. तिचा जीव त्याच्या गळ्यात बांधलाय आता, तर पट्टा नको का?"

भिकाभाऊंनी मान खाली घातली. "ताई, फेडीन," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी दुपारी पितळेचा बिल्ला गळ्यात घालून राजा चौकीच्या लिंबाखाली बसला. हवालदारांनी मुसक्याची सक्ती केली. भिकाभाऊंनी बैलाला घालतात तसं काथ्याचं छोटं मुसकं विणलं. खायच्या वेळी काढायचं आणि नंतर घालायचं. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ चौकीत जायच्या आणि येऊन मला सांगायच्या. "भाकर खाल्ली." "पाणी प्यायला." "हवालदारावर गुरगुरला, शहाणा हाय." एकदा हवालदार स्वतः वॉर्डाच्या दाराशी येऊन म्हणाले, "बाई, आमचा आरोपी ठीक आहे. रात्री मटणाची हाडं खाल्ली. मी घरून आणली होती."

पण माझे पाय आणखी जड होत होते. शुक्रवारी उजवा पायही उचलेना. डॉक्टरांनी सूज उतरायची वेगळी इंजेक्शनं सुरू केली, ती दंडात. म्हणाले, वर चढत नाहीये, हे चांगलं आहे. मी दिवसभर पायाच्या अंगठ्याकडे पाहत पडून राहायची आणि त्याला मनात म्हणायची, हल. तो हलत नव्हता.

रविवारी डॉक्टर सुट्टी असून आले. आधी चौकीत गेले, मग माझ्याकडे. "राजाला रेबीज नाही," म्हणाले. "म्हणजे तुम्हालाही नाही." सासूबाईंनी त्यांच्या पायाला हात लावला, तर ते दोन पावलं मागे गेले. "आजी, मी काही केलं नाही. साखळी जागेवर नाही हे तुम्ही पाहिलंत."

मुलीला त्या दिवशी वॉर्डात आणलं. मी तिला पोटाशी धरलं. सुयांच्या गाठी दुखल्या, पण सोडली नाही.

पाय लगेच आले नाहीत. आधी तळवे जळायला लागले. डॉक्टर म्हणाले, जळतंय म्हणजे नसा जाग्या होताहेत. मग अंगठा हलला. मग सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवून दोन खाटांचं अंतर. घरी आले तेव्हा पाऊस संपत आला होता. मालक ट्रकवरून आले होते, त्यांनी मला उचलून घरात नेलं. वस्तीतल्या बायका बघत होत्या. मी लाजेने डोळे मिटून घेतले.

मांडी घालून बसता येत नव्हतं. मालकांनी फळीचा उंच पाट केला, त्यावर पाय खाली सोडून बसायचं आणि सूप समोरच्या खोक्यावर ठेवायचं. अशा विड्या वळताना बघून बायका हसल्या. आता आमच्या ओळीत चार जणी तशाच बसतात. संध्याकाळी भिंत धरत नाहीत. डाव्या तळव्याला अजून थंड-गरम कमी कळतं. म्हणून उन्हात बाहेर पडताना मी आधी खाली पाहते, चप्पल आहे ना.

आता म्हणतात, दंडात द्यायची नवी इंजेक्शनं निघाली आहेत. महाग आहेत, पण पोटात सुई नको आणि नसांना धोका नाही. सगळ्यांना मिळोत. तोवर कुणी कुत्र्याच्या मागे काठी घेऊन धावत असेल तर त्याला आधी थांबवा. त्याला बांधा, पाणी ठेवा आणि मालकाला दम देऊ नका, विचारा. घाबरलेला माणूस कुत्रा लपवतो. भिकाभाऊ वाईट माणूस नव्हता.

भिकाभाऊ दर पगाराला यायचे. दारात उभे राहून थोडे पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, आत यायचे नाहीत. कधी दोन रुपये, कधी एक. एका महिन्यात पगार झाला नाही तर वखारीतला चुलीचा लाकूडफाटा आणून टाकला. मी म्हणाले, हा पैशात धरा. म्हणाले, "नाय ताई, हे याज. मुद्दल येगळं."

शेवटी आले तेव्हा राजा बरोबर होता. गळ्यात दुसऱ्या वर्षाचा बिल्ला, या वेळी त्यांच्या पैशाचा. तोंडाला मुसकं. मी दारातच बसले होते. त्याला पाहून माझी मांडी आपोआप आखडली, खोटं कशाला बोलू. भिकाभाऊंनी दोन नाणी उंबऱ्यावर ठेवली, मग खिशात हात घालून तिसरं शोधलं आणि तेही ठेवलं.

"झाले का बघा, ताई."

मी मोजले नाहीत. उठले, भिंत न धरता, आणि आतून पातेल्यात पाणी आणून राजापुढे ठेवलं. भिकाभाऊंनी मुसकं काढलं. राजाने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि पातेलं रिकामं केलं.

"झाले," मी म्हणाले. "सगळे फिटले."